पेट्रोलचा पैसा वेगळा, देणगीचा वेगळा: प्रायोजकांना खुलं पत्र

प्रति,
टायर, सुटे भाग, विमा आणि प्रथमोपचाराचं साहित्य या क्षेत्रांतल्या कंपन्यांमध्ये प्रायोजकत्वाच्या अर्जांवर सही करणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार,

आम्ही तिघं एका जुन्या छोट्या गाडीतून सुमारे सोळा हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघतो आहोत. मी गाडी चालवतो, माझी मैत्रीण परिचारिका आहे आणि तिसरा मित्र गॅरेज चालवतो. वाटेत वाळवंट आहे, मध्य आशियातल्या पामीर पर्वतांमधला एम-४१ हा डोंगरी रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरची ४,६५५ मीटर उंचीची अक-बैताल खिंड आहे. या प्रवासाच्या निमित्ताने आम्हाला रस्त्यावरच्या प्रथमोपचार प्रशिक्षणासाठी देणग्या गोळा करायच्या आहेत, आणि वाटेतल्या ट्रकथांब्यांवर स्वतःही ते प्रशिक्षण द्यायचं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. पण आमच्या मागणीत एक अट आहे. ती अर्जाच्या छापील नमुन्यात कुठे बसेना, म्हणून हे उघड पत्र.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी हमरस्त्यावर आमच्या डोळ्यांदेखत एक मोटारसायकल घसरली. मुलगा विशीतला असेल. मांडी फाटली होती आणि रक्त धारेने येत होतं. आम्ही गाडी बाजूला घेऊन पोचेपर्यंत वीसेक माणसं जमली होती. त्यातलं एकही माणूस वाईट नव्हतं. कुणी त्याच्या तोंडात पाणी ओतत होतं, कुणी त्याला उठवून बसवू पाहत होतं, कुणी फोनवर पत्ता सांगत होतं. रक्ताला मात्र कुणीच हात लावला नव्हता. मैत्रिणीने अंगावरचं जॅकेट काढलं, घडी करून जखमेवर ठेवलं आणि शेजारच्या ट्रकड्रायव्हरला म्हणाली, "दादा, गुडघ्यावर बसा. दोन्ही तळवे इथे. सगळं वजन टाका. मी सांगेपर्यंत उचलायचं नाही, बघायला म्हणूनसुद्धा नाही." ते दादा बसले. रुग्णवाहिका यायला बावीस मिनिटं लागली आणि बावीस मिनिटं ते तसेच होते. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी कोपर ताठ केले, पण तळवे हलवले नाहीत. मुलगा वाचला. नंतर रस्त्याकडेला हात धुताना दादांनी विचारलं, "ताई, हे एवढंच होतं?"

हो, एवढंच होतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि मांडीची मोठी धमनी फाटली तर ते काही मिनिटांत जीव जाईल इतकं वाहून जातं. तेवढ्या वेळात रुग्णवाहिका जगात क्वचितच कुठे पोचते. पोचतो तो मागून येणारा ट्रकवाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार रस्ते अपघातांत २०२१ साली सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली. त्यातले ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. सगळे काही तळव्यांनी दाबून वाचले नसते, हे मला कळतं. पण दादांच्या त्या प्रश्नानंतर आम्हाला स्वस्थ बसवेना. हमरस्त्यावर आयुष्य काढणाऱ्या माणसाला तोवर हे कुणी दाखवलंच नव्हतं.

आता तुमच्या मनात येणारा प्रश्न. आम्हाला तो अनेकांनी तोंडावर विचारला आणि तो रास्तच आहे: एवढा खर्च करून फिरण्यापेक्षा तेच पैसे थेट प्रशिक्षणाला का देत नाही?

त्याची दोन उत्तरं आहेत. एक व्यवहाराचं. प्रवास ठरण्याआधी आम्ही दोन महिने घरोघर आणि कचेऱ्यांमधून प्रशिक्षणासाठी मदत मागत हिंडलो. लोकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बहुतेकांनी पुढे बघू म्हटलं. मग आम्ही भिंतीवर नकाशा लावून रस्ता आखला आणि तीच माणसं आपणहून फोन करायला लागली. माणसाला वाटचालीत सामील व्हावंसं वाटतं. अमुक ठिकाणी पोचलात का, गाडी चढली का, असं विचारता विचारता ती देणगीही देतात. हा मानवी स्वभाव आहे आणि त्याचा चांगल्या कामासाठी उपयोग करण्यात मला काही गैर वाटत नाही.

दुसरं उत्तर कामाचं. आम्हाला ज्यांना शिकवायचं आहे ती माणसं सभागृहात येत नाहीत. ती ट्रकथांब्यावर असतात, सीमेवरच्या रांगेत असतात, फेरीबोटीची वाट बघत दोन-दोन दिवस पडून असतात. त्यांच्यापर्यंत जायचं तर रस्त्यानेच जावं लागतं. भाषेची अडचण येईल, म्हणून वाटेतल्या प्रशिक्षकांशी आधीच बोलणी केली आहेत. पण हे शिक्षण मुळात हातांचं आहे. लाल पाण्याने भरलेली पिशवी, तिला जोडलेली नळी, वर फाडलेलं कापड. समोरच्या माणसाचे तळवे धरून त्यावर ठेवायचे आणि त्याच्या खांद्यांवर हलका भार द्यायचा. नळीतून येणारं पाणी थांबलं की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याला दुभाषा लागत नाही. मग रक्तबंध पट्टा (टूर्निके), म्हणजे हाता-पायाला बांधून दांडीने पिळत आवळायचा पट्टा: जखमेपासून चार बोटं वर, धडाच्या बाजूला, सांध्यावर कधीच नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. सगळा धडा पाऊण तासाचा आहे.

आता अट. तिच्यामागे आमची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही.

तीन वर्षांपूर्वी याच कामासाठी आम्ही एक छोटा प्रवास केला होता. एका घाटात गाडीचा क्लच गेला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. इंजिन गुरगुरतंय आणि गाडी जागची हलत नाही, अशी अवस्था. दोन दिवस गाडी गॅरेजात उभी राहिली. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर आमच्या खिशात तेवढे पैसे नाहीत हे कळलं. पैसे होते ते देणगीच्या पाकिटात. आम्ही ते काढले. परत आल्यावर आठवडाभरात पै न पै भरून टाकली, हिशेब लिहिला, देणगीदारांना कळवलंही. कुणी काही म्हणालं नाही. पण त्या पाकिटात एका आजींनी पेन्शनमधून दिलेल्या नोटा होत्या, चार घड्या घातलेल्या, आणि गॅरेजवाल्याच्या टेबलावर त्या नोटा मी माझ्या हाताने मोजल्या. प्रशिक्षणासाठी दिलेला पैसा आमच्या क्लचला लागला. आठवडाभरापुरता का होईना, लागला.

त्यानंतर आम्ही ठरवलं की गल्ले दोन राहतील आणि एकातून दुसऱ्यात काहीही जाणार नाही. पेट्रोल, व्हिसा, राहणं-जेवणं, गाडीची कागदपत्रं आणि वाटेतल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम हा खर्च तिघांनी आपापल्या कमाईतून करायचा. तो जमेपर्यंत निघायचं नाही. लोकांच्या देणग्या आमच्या हातात येणारच नाहीत. त्या थेट प्रशिक्षण संस्थेच्या खात्यात जातील आणि पावतीही तीच देईल. (संस्थेचं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण तिच्या कार्यकारिणीची लेखी परवानगी मिळेपर्यंत जाहीर लेखनात ते वापरायचं नाही असा आमचा शब्द आहे. तुम्हाला पाठवलेल्या प्रस्तावात नोंदणीच्या कागदांसह सगळं आहे.)

मग तुमच्याकडे मागणं कशाचं? वस्तूंचं. रोख रक्कम आम्हाला नको. टायर, ब्रेकचे पॅड, फिल्टर, शॉकअॅब्सॉर्बर, रक्तबंध पट्टे, निर्जंतुक गॉज, सरावाचे पुतळे, विम्याच्या हप्त्यात सवलत, आणि तुमच्या एखाद्या तंत्रज्ञाने निघण्याआधी अर्धा दिवस गाडीखाली शिरून केलेली तपासणी. तुम्हाला रोख देणगीच द्यायची असेल तर ती जरूर द्या, पण संस्थेला द्या. तो धनादेश आमच्या नावाने काढू नका.

हे वेड्यासारखं वाटत असेल तर जुन्या प्रवाशांकडे बघा. १९०९ साली बावीस वर्षांची अॅलिस रॅमसे न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटार घेऊन गेली. अमेरिका अशी आडवी पार करणारी ती पहिली स्त्री. गाडी आणि पाठबळ मॅक्सवेल-ब्रिस्को या मोटार कंपनीचं होतं. बाई आमची गाडी एवढ्या लांब नेऊ शकते, हे कंपनीला दाखवायचं होतं. ५९ दिवस लागले, अकरा वेळा टायर बदलावे लागले, सोबतच्या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. कंपनीला काय हवंय हे दोन्ही बाजूंना स्वच्छ माहीत होतं, म्हणून तो व्यवहार चोख झाला. १९५५ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर घेऊन लंडन ते सिंगापूर प्रवास केला. गाड्या कंपनीने वापरायला दिल्या होत्या, बरंचसं सामान उत्पादकांकडून आलं आणि चित्रीकरणाची फिल्म बीबीसीतल्या डेव्हिड अॅटनबरो या तरुण निर्मात्याने दिली. त्या मुलांकडे रोख पैसा फारसा नव्हताच. त्यातली 'ऑक्सफर्ड' नावाची गाडी २०१९ मध्ये पुन्हा सिंगापूरहून लंडनला चालवत नेली गेली. चौसष्ट वर्षांनी! प्रायोजकाला याहून मोठी जाहिरात कुठे मिळेल?

आणि उलटं उदाहरणही आहे. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत चार्ल्स गोदार नावाचा चालक स्पायकर गाडी घेऊन उतरला. जिद्द अशी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, पण खिसा रिकामा. ठिकठिकाणी उसनवारी करत त्याने जवळजवळ सगळं अंतर कापलं आणि शेवटाच्या आसपास फसवणुकीच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. मला तो माणूस मनापासून आवडतो. पण तशी उसनवारी करत आम्हाला पोचायचं नाही.

तुम्हाला काय मिळेल, हे आता प्रामाणिकपणे सांगतो. गाडीच्या दारावर तुमचं बोधचिन्ह लावू, पण वाळवंटात ते बघायला माणूस नसतो. हजारो लोकांपर्यंत नाव पोचवू, असलं आश्वासन मी देणार नाही. ते प्रत्येक अर्जात असतं आणि तुम्ही ते वाचून कंटाळला असाल. आम्ही देऊ शकतो ती नोंद. टायरचंच उदाहरण घ्या. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटरखाली गेलेला टायर रस्त्यावर चालत नाही. दर हजार किलोमीटरला आमचा मित्र प्रत्येक टायरची खोली तीन जागी मोजून वहीत लिहील: आतली कड, मध्य, बाहेरची कड. सोबत हवेचा दाब, रस्त्याचा प्रकार, तापमान आणि गाडीवरचं वजन. डांबर, खडी, वाळू, नदीपात्रातले गोटे हे सगळं एकाच गाडीवर आणि त्याच माणसाच्या हाताने मोजलेलं. वही परत आल्यावर तुमच्या अभियंत्यांच्या हातात देऊ, वाईट निघालेल्या आकड्यांसकट. फिल्टरवाल्यांसाठी धुळीची, ब्रेकवाल्यांसाठी लांब उताराची अशीच नोंद. अक-बैतालवर तर साध्या इंजिनाची ताकद चाळीसेक टक्क्यांनी उतरते, कारण दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ती विरळ हवाच खाते. तिथे भरलेली छोटी गाडी कशी वागते याची तपशीलवार नोंद तुमच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडेल, असं मला वाटतं. रक्तबंध पट्टे देणाऱ्यांना तर आणखी मोलाचं काही मिळेल: ज्यांनी ती वस्तू आयुष्यात पाहिली नाही अशी माणसं पहिल्या प्रयत्नात नेमकं कुठे चुकतात, त्याची यादी.

काही गोष्टी मात्र आम्ही मान्य करणार नाही, त्या आधीच सांगून ठेवतो. मागच्या वेळी एका कंपनीने सामान द्यायचं कबूल केलं, करार लांबवला आणि निघायला नऊ दिवस असताना अट घातली: ठरलेल्या तारखांना ठरलेल्या शहरांत गाडी हजर हवी, रोज रात्री चित्रफीत हवी. तारखा जुळवायच्या तर रात्रीचं चालवावं लागलं असतं. आम्ही नाही म्हटलं, कंपनीने हात काढला, आणि नऊ दिवसांत टायर शोधताना आमच्या नाकी नऊ आले. ती कंपनी कोणती हे सांगण्यात अर्थ नाही. त्या बैठकीतल्या लोकांना आपण काय मागतो आहोत हे खरोखर कळलं नसावं. सलग सतरा तास जागा असलेला चालक हा रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या चालकासारखाच प्रतिसाद देतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. रस्ते अपघातातले जीव वाचवायला निघालेली गाडी पेंगत चालवली तर त्याला काय म्हणावं?

युरोपीय संघात मालवाहू ट्रकच्या चालकाला साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाचं चालवणं साधारणपणे नऊ तासांवर जात नाही. आमचा नियम त्याहून कडक आहे. दोन तासांनी चालक बदलायचा, दिवसाला सात तास, सूर्य मावळला की गाडी बंद. कुठल्या शहरात कधी पोचू ते आम्ही आठवड्याच्या अंदाजाने सांगू. दिवस आणि वेळ मागू नका. जखमी माणसांची चित्रंही आमच्याकडून मिळणार नाहीत. वाटेत अपघात दिसला तर आम्ही कॅमेरा बाहेर काढणार नाही, मग त्यात तुमचे पट्टे कितीही चांगले चालोत.

प्रवास संपल्यावर गाडी तिथल्याच एखाद्या संस्थेला देऊन टाका, म्हणजे बातमी छान होईल, असं दोन-तीन कंपन्यांनी सुचवलं आहे. सूचना प्रेमाची आहे, पण आम्ही ती घेणार नाही. २००४ मध्ये सहा गाड्यांनी सुरू झालेल्या मंगोल रॅलीत नंतर शेकडो लहान गाड्या मंगोलियापर्यंत जाऊ लागल्या. तिथे मागे राहिलेल्या गाडीवर आयातशुल्क लागतं. सुटे भाग मिळत नसलेली, दमलेली गाडी ही अनेकदा भेट उरत नाही, ओझं होते. पुढे त्या रॅलीचा शेवटच मंगोलियाबाहेर हलवावा लागला. इंग्लंडमधल्या प्लिमथहून पश्चिम आफ्रिकेत, गांबियातल्या बांजूलला जाणाऱ्या मोहिमेने हेच काम वेगळ्या रीतीने केलं: गाडी डाव्या बाजूच्या सुकाणूचीच हवी, म्हणजे तिथल्या रस्त्यावर ती खरोखर चालते, आणि मग तिथेच लिलाव करून पैसे कामाला द्यायचे. ही नीट विचार केलेली पद्धत आहे. पण आमच्या गाडीचं सुकाणू उजवीकडे आहे आणि ती कार्नेवर जाणार आहे. कार्ने म्हणजे गाडीचं पारपत्रच. सीमेत शिरताना शिक्का, बाहेर पडताना शिक्का. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर सीमाशुल्काचा दावा उभा राहतो आणि ठेवलेली हमी त्यात जाते. म्हणून गाडी परत येईल. मागे राहतील ते सरावाचे पुतळे, पट्टे आणि शिकलेली माणसं.

मधेच काही बिनसलं, सीमा बंद झाली किंवा आमच्यापैकी कुणी आजारी पडलं, तर न वापरलेलं सामान यादीनुसार तुम्हाला परत मिळेल किंवा तुम्ही सांगाल त्या प्रशिक्षण केंद्राला जाईल. देणग्या तोवर संस्थेकडे पोचलेल्या असतील, त्यांचं काम थांबणार नाही.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. नकार असेल तर तोही कळवा. आजवर आम्ही चौऱ्याऐंशी पत्रं पाठवली, सव्वीस उत्तरं आली. त्यातली एकोणीस नकाराची होती आणि त्या एकोणीस जणांचेही आम्ही आभारी आहोत, कारण त्यांच्यामुळे पुढचं दार ठोठावता आलं. अडकवून ठेवतं ते मौन. तुम्ही देणार असाल या आशेवर आम्ही दुसऱ्याला विचारत नाही, आणि आठवडे निघून जातात. एका ओळीचं "जमणार नाही" आम्हाला पुरेसं आहे. कारण द्यायची गरज नाही.

आणि द्यायचं ठरवलंत तर तपशील हा: टायर १८५/६५ आर १५, चार गाडीला आणि दोन सुटे, बाजूची भिंत जाड असलेले. रक्तबंध पट्टे पिळदांड्याचे, लवचीक रबराचे नकोत, साठ नग: वीस सरावाला, चाळीस ट्रकवाल्यांकडे ठेवायला. सरावाचे पुतळे दोन, हवा काढून घडी होणारे, कारण मागच्या सीटवर माणूसही बसणार आहे.

तुमच्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आम्ही तिघं